गोव्यातली एक तक्रार

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाला माणसे रांगा लावतात. तो वारला मात्र चीनच्या दाराशी, शांगच्वान बेटावर, १५५२ साली. मुख्य भूमीवर पाऊल ठेवायचे राहूनच गेले. त्याच वर्षी इटलीत पुढे जेझुइट धर्मप्रचारक झालेला मात्तेओ रिच्ची जन्मला आणि चीनला जाण्याआधी तोही गोव्यात राहिला. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकवू नये, शिकले की ते शेफारतील, असे जेझुइट वरिष्ठांनी ठरवले होते. रिच्चीने १५८१ मध्ये गोव्याहून रोमला पत्र धाडून याला विरोध केला. त्याचे चरित्र वाचताना मी इथे थबकतो. बाकीचे चमत्कार राहू द्या.

पुढे बीजिंगमध्ये शू ग्वांगची नावाचा विद्वान अधिकारी त्याच्या घरी येऊन बसू लागला. १६०३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला, त्याच्या पुढच्याच वर्षी राजदरबाराची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेला. समोर युक्लिडची भूमिती. रिच्चीने तोंडी अर्थ सांगायचा, शूने कुंचल्याने तो चिनीत उतरवायचा, मग पुन्हा तपासायचे, पुन्हा खोडायचे. पहिले सहा भाग १६०७ मध्ये छापून झाले. शूला पुढे जायचे होते, पण रिच्ची म्हणाला, तूर्त पुरे. त्याच वर्षी वडील वारल्याने शू सुतकासाठी शांघायला परतला आणि दुष्काळात उपयोगी पडतील म्हणून रताळ्यांची लागवड करून पाहू लागला. यातली श्रद्धा कुठली आणि विद्या कुठली, हे वेगळे काढायचा उद्योग मी तरी करणार नाही.

चीनमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या मिशन शाळा मात्र अफूच्या युद्धांनंतरच्या तहांच्या आडोशाने आल्या. तो डाग पुसला जाणारा नव्हता. १९२२ मध्ये विद्यार्थी ख्रिस्ती धर्माविरुद्ध रस्त्यावर उतरले. १९२५ मध्ये सरकारने बजावले की मान्यता हवी असेल तर धर्माचा विषय सक्तीचा नको. मिशनवाल्यांना हे बोचले. माझ्या मते त्यांच्यावर ते उपकारच झाले. सक्तीने फार तर हजेरी भरते.

नानजिंगच्या जिनलिंग या मिशनच्याच महिला महाविद्यालयाची पहिली तुकडी १९१९ मध्ये बाहेर पडली. मुली अवघ्या पाच. त्यांतली वू यीफांग अमेरिकेत जीवशास्त्र शिकून आली आणि १९२८ मध्ये त्याच महाविद्यालयाची प्रमुख झाली. १९३७ च्या डिसेंबरात जपानी सैन्य शहरात शिरले, तेव्हा वू महाविद्यालयासह पश्चिमेकडे गेली होती. मागे राहिलेल्या मिनी वॉट्रिन या अमेरिकन शिक्षिकेने फाटक उघडून हजारो बायकामुलांना आत घेतले. सैनिक दारावर आले की स्वतः आडवी उभी राहायची. त्या दिवसांनी तिला आतून पोखरले. १९४१ मध्ये अमेरिकेत तिने जीवन संपवले.

वू यीफांगने १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर चीनतर्फे सही केली. १९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर अनेकांनी देश सोडला, ती राहिली. १९५२ च्या उच्च शिक्षणाच्या फेररचनेत ख्रिस्ती महाविद्यालये बंद झाली. जिनलिंगचे जुने आवार आज नानजिंग नॉर्मल विद्यापीठाकडे आहे आणि तिथे वर्ग भरतात.