चिल्ला आणि तिसावा दिवस

नागपूर-तुळजापूर आणि अकोला-नांदेड हे दोन महामार्ग वारंगा फाट्यावर भेटतात. प्रवासी इथे खिचडी खायला उतरतात. त्याच फाट्यावर एका सकाळी आम्ही पावणेदोन किलोची नात गोधडीत गुंडाळून नांदेडच्या जीपची वाट पाहत उभे होतो. तिच्या जन्माला अठ्ठावीस दिवस झाले होते.

निघताना अम्मी दारात आडवी उभी राहिली होती. "चिल्ला हुआ नै, और बच्ची कू गाँव दिखाने निकले?"

नात ३१ आठवड्यांची असतानाच झाली. वजन १४०० ग्रॅम. ऑक्सिजन लावला, जंतुसंसर्ग झाला, एकदा रक्तही द्यावे लागले. तीन आठवड्यांनी घरी सोडले तेव्हा कागदावर डोळ्यांच्या तपासणीची एक ओळ इंग्रजीत लिहिली होती. ती आम्हाला कुणी वाचून दाखवली नाही. गावातल्या नर्सबाईंनी ती पाहिली आणि त्या म्हणाल्या, "तिसावा दिवस उलटू देऊ नका."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ नवव्या महिन्यापर्यंत चालू असते. बाळ लवकर जन्मले की ती अर्धवट राहते. मग वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात, पडदा ओढला जातो आणि शेवटी सुटतो. गेल्या शतकात श्रीमंत देशांत बेहिशेबी ऑक्सिजनमुळे हजारो मुले आंधळी झाली, तेव्हा कुठे हे उमगले. वरून डोळा अगदी निरोगी दिसतो. बुबुळात पांढरे दिसू लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासायचे. २८ आठवड्यांआधीचे किंवा १२०० ग्रॅमपेक्षा लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळालाही ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, रक्त देणे असे काही झाले असेल तर तपासणी हवीच. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार आहे. चेन्नईत १९९६ साली जन्मलेल्या एका मुलीची तपासणी राहून गेली आणि तिची नजर गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तिला भरपाई दिली. डोळे मात्र कोणते न्यायालय देणार?

थेंब टाकून बाहुली मोठी केली, दिव्याने पडदा पाहिला. काही मिनिटांचेच काम. नात किंचाळली, आमच्या सुनेने तोंड फिरवले. आजार सुरू झाला होता. आठवड्याने परत बोलावले आणि छत्तिसाव्या दिवशी दोन्ही डोळ्यांना लेसर दिला. चिल्ला उतरायला अजून चार दिवस होते.

चिल्ल्यात बाळंतिणीला आराम मिळतो, नमाजची माफी असते. ही मोठी सोय आहे. पण बाळाला दवाखान्यात नेऊ नका, असे दीनने कुठे सांगितले आहे? ते आपणच जोडले. आमच्या गल्लीत आठव्या महिन्यात झालेला एक मुलगा आंधळा निघाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ग्रहणाला दोष दिला होता. आज त्याच्या आईसमोर आमची मान वर होत नाही.

नातीला चष्मा लागला आहे, तपासण्या अजून चालू आहेत. ताटातल्या खिचडीतले शेंगदाणे ती एकेक वेचून खाते. परवा शेजारी सातव्या महिन्यातच लेकरू झाले. अम्मी भेटायला गेली, दुआ दिली आणि आधी विचारले, "आँखां दिखाए क्या?"