विकाऊ धर्मशाळा

आमच्या घरचीं माणसें निम्मीं साताऱ्यास आणि निम्मीं सांगलीस, अशी स्थिति गेलीं कित्येक वर्षें आहे. सणावारीं कोणीं कोणाकडे जावयाचें हा वाद मिटावा, म्हणून दोहोंच्या मध्यें कोठें तरी एखादें जुनें, ऐसपैस घर घ्यावें असें ठरलें. कराड मागें टाकल्यावर जुन्या रस्त्यावरील एका गांवांत तसें घर विकावयाचें आहे, असें एका दलालानें कळविलें. दगडी जोतें, सागवानी खांब, पुढें लांबलचक ओसरी, मागें आड आणि गोठा; किंमत शहरांतील तीन खोल्यांच्या सदनिकेहूनहि कमी. शेवटीं त्यानें सहज म्हणून सांगितलें कीं, हें घर पूर्वीं धर्मशाळा होतें. या शेवटच्या वाक्यानेंच आम्हांस अधिक मोह घातला, हें कबूल केलें पाहिजे.

माघांतील एका दुपारीं आम्ही घर पाहावयास गेलों. महामार्ग गांवाला वळसा घालून निघून गेला आहे, आणि जुना रस्ता वडाच्या सावलींत निवांत पडून आहे. घराचें जोतें मुद्दाम उंच बांधलेलें. वाटसराला खांद्यावरचें ओझें न वांकतां त्यावर टेंकवितां यावें इतकें उंच. भिंतींत बैल बांधावयाच्या लोखंडी कड्या होत्या. कोनाड्यांतून पणत्यांची काजळी अजून दिसत होती, आणि आढ्याला ओगलेवाडीचा कंदील टांगण्याजोगा आंकडा होता. आंतल्या खोल्यांना दारें होतीं. ओसरीला मात्र दार नव्हतें, आणि तें कधीं असल्याची खूणहि नव्हती.

घरांत ऐंशीच्या घरांतील एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, “घर आमच्या सासऱ्यांच्या आज्यानं बांधलं. पर ओसरी आपली न्हवं, असं सासूबाई सांगायच्या. सारवायची आपण, निजायचं वाटसरानं.”

या रस्त्याचा पूर्ववृत्तांत ध्यानांत घेतला म्हणजे या बोलण्याचा अर्थ उलगडतो. कृष्णा वाईवरून येऊन माहुलीस वेण्णेला आणि कराडास कोयनेला भेटते. पुढें औदुंबर व सांगली करीत नरसोबाच्या वाडीस पंचगंगेला पोटांत घेते. नदीच्या काठीं जशीं क्षेत्रें, तशा रस्त्यांच्या काठीं धर्मशाळा. दत्ताचे भक्त पायीं येत; गुळाच्या आणि हळदीच्या गाड्या सांगलीच्या पेठेकडे जात. साताऱ्याहून सांगलीस पोंचावयास बैलगाडीला पांच-सहा दिवस लागावयाचे, म्हणजे तितकेच मुक्काम. १८८५ सालीं छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत गांवांचीं वर्णनें वाचूं लागलें म्हणजे शाळा आणि टपालकचेरी यांच्या जोडीला धर्मशाळेचा उल्लेख पुन्हां पुन्हां आढळतो. त्याच दशकांत पुण्याहून मिरजेकडे आगगाडी धांवूं लागली. १९४८ सालीं सरकारी मोटारसेवा सुरू झाली. पुढें महामार्ग चौपदरी झाला. आतां हा प्रवास सकाळच्या चहानंतर निघून दुपारच्या जेवणापूर्वीं संपतो. मुक्काम उरला नाहीं, म्हणून धर्मशाळाहि उरली नाहीं. कोठें तिची चावडी झाली, कोठें गोदाम, कोठें नुसती दगडांची रास. येथें तिचें घर झालें.

आम्ही आंतून पाहून बाहेर आलों, तों ओसरीवर एक कुटुंब बसलेलें दिसलें. बीडकडून ऊंस तोडावयास आलेलीं तीं माणसें होतीं. वडाखालीं त्यांची गाडी सोडलेली होती, आणि एक बैल पाऊल उचलून धरून उभा होता. बाईनें दोन खांबांना लुगड्याची झोळी बांधून तींत मूल निजविलें होतें. दलाल पुढें झाला आणि म्हणाला, “उठा, उठा! घर बघायला पाव्हणं आल्यात.” बाई म्हणाली, “बैलाचं पाऊल दुखावलंय, म्हणून घटकाभर सावलीला बसलो व्हतो.” एवढेंच बोलून तिनें झोळी सोडली, झोपलेलें मूल खांद्यावर घेतलें आणि तीं सर्व माणसें उन्हांत जाऊन उभीं राहिलीं. कोणीं तक्रार केली नाहीं. उठविलें जाण्याची त्यांना संवय असावी.

आम्ही कांहींच बोललों नाहीं. घर अजून आपलें झालेलें नाहीं, तेव्हां बोलण्याचा अधिकारहि आपला नाहीं, असें आम्हीं मनाची समजूत घातली. परंतु परततांना तें मन कांहीं केल्या स्वस्थ बसेना. जी ओसरी वाटसराला उठवावयाची नाहीं म्हणून बांधली, तीवरून वाटसराला आमच्यासाठीं उठविलें होतें. घराची विक्री व्हावयाची ती पुढें होईल. धर्मशाळा मोडण्याचें काम त्या दुपारीं आमच्या नांवानें होऊन चुकलें होतें.

विलायतेंतहि असें झालेलें आहे. तेथील खेड्यांतून घोड्यांच्या टपालगाड्या थांबावयाच्या. त्यांच्या उतारूंसाठीं जुन्या खाणावळी होत्या. १८४० नंतर आगगाड्या पसरल्या आणि त्यांतील कित्येक ओस पडल्या. पुढें त्यांचीं राहतीं घरें झालीं, आणि अशा घराला आज तेथें मोठें मोल येतें. परंतु त्या खाणावळींत उतारू पैसे देऊन उतरत असे. तो एक धंदा होता. धंदा बसला, इमारत विकली, यांत कोणाचें कांहीं बुडालें नाहीं. धर्मशाळेची गोष्ट निराळी. विहीर, तळें, अन्नछत्र यांच्या पंक्तींत ती बसते. आपल्या शास्त्रकारांनीं यांना पूर्तधर्म असें नांव दिलें आहे. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा दुसरा खंड १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत या उत्सर्गाचें सविस्तर विवेचन आहे. दानांत वस्तु एकाकडून दुसऱ्याकडे जाते. उत्सर्गांत ती सर्वांसाठीं सोडलेली असते. तिला घेणारा असा कोणी एक नसतो.

वकिलांनीं कागद पाहिले. जुन्या कागदांवर साताऱ्याचें नांव आणि नव्यांवर सांगलीचें, कारण हा मुलूख १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेला आणि १९६० सालीं त्या जिल्ह्याचें नांव सांगली झालें. धर्मशाळा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असती, तर १९५० च्या कायद्याप्रमाणें धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवांचून ती विकतां आली नसती. तशी नोंद येथें नव्हती. जागा खासगी, बांधणाराहि खासगी. त्यानें लेख करून कांहींच सोडलेलें नव्हतें. “मालकी निर्वेध आहे,” असा वकिलांनीं निर्वाळा दिला. कागद खरेच बोलत होते. पण आजींच्या सासूबाईंचें वाक्य कोणत्याच कागदावर नव्हतें, आणि तेंहि खोटें नव्हतें.

घरीं बोलणें निघालें. दलालाची सूचना अशी कीं, ओसरीला लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे मोटार ठेवावयास उत्तम जागा होईल. सूनबाईंनीं विचारलें, “रात्रीं-अपरात्रीं कोण येऊन निजेल, आपण ओळखणार कसें? घरांत आम्ही बायकाच असूं तेव्हां काय करावयाचें?” ही भीति अवास्तव नव्हती. पूर्वीं वाटसराला सारा गांव ओळखी; कोण कोठला, कोठें चालला, हें चावडीवर कळे. आज तो आधार नाहीं. भीति खरी मानून उपाय शोधावा, कीं तिचें निमित्त करून जाळी ठोकावी, एवढाच काय तो प्रश्न होता. वाद बराच झाला. शेवटीं सूनबाईंनींच तोड काढली: आंतलें दार भक्कम करावें, कुंपणाची भिंत ओसरीच्या मागून घ्यावी आणि ओसरी बाहेर राहूं द्यावी. मोटार गोठ्यांत राहील.

त्याप्रमाणें विसार दिला आहे. ओसरी भिंतीबाहेर ठेवणार म्हटल्यावर दलालानें आमच्याकडे वेड्याकडे पाहावें तसें पाहिलें, आणि मग मिळकतीची किंमत त्यामुळें किती उतरेल याचा हिशेब सांगितला. हिशेब बरोबर होता. आम्ही कांहीं मोठें पुण्य जोडीत आहों, असा आमचा समज नाहीं. त्या दुपारीं उन्हांत उभ्या राहिलेल्या बाईचें ऋण यानें फिटत नाहीं. ती कोण, कोणत्या फडावर गेली, हेंहि आम्हीं विचारलें नव्हतें. आजींना ही गोष्ट सांगितली, तेव्हां त्यांनीं बरें-वाईट कांहींच म्हटलें नाहीं. ओसरी पंधरा दिवसांनीं सारवावी लागते, आणि पावसाळ्यांत आठवड्याला, एवढें मात्र त्यांनीं सूनबाईंना बजावून सांगितलें. ऊंसाच्या गाड्या पुन्हां कार्तिकाच्या सुमारास त्या रस्त्यावर येऊं लागतील. तोंवर ओसरीचें काम आटोपावें, असें गवंड्याला सांगितलें आहे.