माझा सोयीचा आकडा

बांगलादेशाबद्दल माझ्या मनात कित्येक वर्षं तुच्छता होती आणि ती मी अर्थशास्त्राच्या नावाखाली जपली. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना मी फळ्यावर देशांची उतरंड मांडायचो. दरडोई उत्पन्न जास्त तो विकसित, कमी तो मागास. वर नॉर्वे, स्वित्झर्लंड. खाली उदाहरण म्हणून हमखास बांगलादेश. भारत त्याच्या वर असायचा आणि ते लिहिताना मला बरं वाटायचं. पूर, दुष्काळ आणि निर्वासित यांपलीकडे त्या देशाची मला काही माहिती नव्हती. ती करून घ्यावी असंही कधी वाटलं नाही.

दरडोई उत्पन्नाच्या मर्यादा मला ठाऊक नव्हत्या, असं मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब आधुनिक रूपात मांडणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 मध्ये अमेरिकन काँग्रेसला बजावलं होतं की, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. हे मी दरवर्षी शिकवत होतो. परीक्षेत चार गुणांना येणारा प्रश्न म्हणून.

2013 मध्ये ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांचं ‘ॲन अनसर्टन ग्लोरी’ हे पुस्तक आलं. त्यात दक्षिण आशियातल्या देशांची तुलना करणारं एक कोष्टक आहे. 1990 मध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी वर्षाच्या आत दगावणारी मुलं भारतात 81 होती, बांगलादेशात 97. 2011 मध्ये भारतात 47, बांगलादेशात 37. त्याच काळात आपलं दरडोई उत्पन्न त्यांच्या दीडपटीच्या आसपास होतं, ते जवळपास दुप्पट झालं. म्हणजे पैशात आपण त्यांना आणखी मागे टाकलं आणि त्याच वीस वर्षांत मुलं जगवण्यात ते आपल्या पुढे निघून गेले.

माझी पहिली प्रतिक्रिया सांगायला हवी. मला आनंद झाला नाही. तिथली जास्त मुलं जगताहेत, याचा आनंद माणसाला सहज व्हायला हवा. मी मात्र त्या आकड्यांत खोट शोधू लागलो. नोंदी कच्च्या असतील. देश लहान आहे. परदेशी मदत मिळत असेल. आपल्याकडच्या आकड्यांना मी असले प्रश्न कधी विचारले नव्हते.

खोट शोधण्यासाठीच मी वाचत गेलो आणि ‘ब्रॅक’ या बांगलादेशी संस्थेच्या कामापाशी येऊन थांबलो. फजले हसन आबेद यांच्या या संस्थेने 1980 च्या दशकात खेड्यापाड्यांत बायका पाठवल्या, घरोघरी जाऊन आयांना जलसंजीवनी करायला शिकवण्यासाठी. अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ, तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ. जुलाबांनी मूल सुकून मरतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. ते भरून काढायला एवढं पुरतं. पुड्या विकत घ्यायच्या नाहीत, वजनकाटा नको, अक्षरओळखही नको. दहा वर्षांत त्या एक कोटीहून जास्त घरांत पोचल्या.

मला थांबवलं ते यापुढच्या तपशिलाने. शिकवणाऱ्या बाईचा पगार ती किती घरं फिरली यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसरीच माणसं त्यातल्या काही घरांत जात. आईला काय काय आठवतंय ते विचारत, तिला मिश्रण करायला लावत. आईच्या लक्षात जेवढं राहिलं, त्या प्रमाणात शिकवणारीला पैसे. पुढे असंही दिसलं की आयांना कृती पाठ आहे, पण मूल आजारी पडल्यावर त्या ती वापरतच नाहीत. शोध घेतल्यावर कळलं, शिकवणाऱ्यांचाच या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. मग त्यांना ढाक्याच्या संशोधन केंद्रात नेऊन हे पाणी नेमकं काय करतं ते समजावून दिलं.

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्यांना मी फळ्यावर तळाशी लिहीत होतो, ते माझ्यापेक्षा कितीतरी काटेकोरपणे मोजत होते. आपण पोचवलेलं दुसऱ्याच्या घरात खरंच उरलं का, हे ते जाऊन पाहत होते. मी मोजत नव्हतोच. ज्या मापाने आपण वर दिसतो ते माप मी निवडलं होतं, आणि त्यालाच वस्तुनिष्ठता म्हणत होतो. शिक्षकाने करावी अशी ही गोष्ट नव्हती.

महाराष्ट्राबाबतही माझं तेच. राज्याच्या उत्पन्नाचा अभिमान मी वर्गात मिरवला. मेळघाटातले बालमृत्यू दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचून बाजूला ठेवले. 2001 मध्ये अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. प्रत्यक्षातले बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे त्यांनी गावोगाव मोजून दाखवलं होतं. तेव्हाही माझ्या फळ्यावरची उतरंड बदलली नाही.

ऑक्टोबर 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अंदाज दिला की बांगलादेश दरडोई उत्पन्नातही भारताला किंचित मागे टाकेल. केवढा गहजब झाला! माझे जुने सहकारी फोनवर चिडून बोलत होते. क्रयशक्तीच्या हिशेबाने आपण अजून पुढेच आहोत, असं ते म्हणाले आणि ते बरोबरच होतं. पण बाळं जगवण्यात तो देश कधीच पुढे गेला होता. तेव्हा कुणी फोन केला नव्हता. मीही नाही.

आता उलट्या टोकाला जाऊन उत्पन्नाला काही अर्थ नाही, असं मी म्हणणार नाही. द्रेझ-सेन यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली. त्यातली बहुतेक कपडे शिवणारी होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी मजुरीपायी त्यांना आत जावं लागलं. अर्भकपणी वाचलेली मुलगी विसाव्या वर्षी कुठल्या छताखाली काम करते, हे बालमृत्यूदर सांगत नाही.

आपल्याकडे अभय बंग यांच्या कामातून गडचिरोलीत सिद्ध झालेली घरोघरी नवजात बाळाच्या काळजीची पद्धत पुढे देशभर स्वीकारली गेली. आज आशाताई त्यासाठी बाळंतिणीच्या घरी जातात आणि ठरलेल्या भेटी पूर्ण झाल्या की त्यांना मोबदला मिळतो. त्या भेटींनंतर आईपाशी काय उरलं, हे कोण विचारतं? आमच्या तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात जाऊन हा प्रश्न विचारायचं मी ठरवलं आहे.