बारातले सात

आज सकाळी पुन्हा मोजले. १२ निऑन टेट्रा आणले होते, आता सातच. मासे उडी मारतात म्हणून सोफ्यामागे टॉर्च घेऊन शोधलं, फिल्टरचा स्पंज पिळून पाहिला. काही नाही. मेलेला तळाशी दिसेल असं वाटायचं. पण २६-२७ अंशांच्या पाण्यात एवढासा जीव लवकर कुजतो, उरलंसुरलं गोगलगायी संपवतात.

मग नजर टाकीतल्या एंजल माशावर गेली. आणला तेव्हा रुपयाएवढा होता, आता तळहातभर झालाय. निऑन जेमतेम ३ सेंटीमीटरचे. दोघंही अमेझॉनच्या खोऱ्यातले, आणि तिथंही एंजल लहान मासे खातो. रात्री निऑनचा निळा पट्टा फिका पडतो, ते निश्चल तरंगत राहतात. तेव्हाच गिळले असणार.

त्याचा काय दोष? निऑनना पळायला नदी नव्हती, मीच त्यांना एका काचेत कोंडलं. मुलीनं विचारलं, "बाबा, बाकीचे कुठं गेले?" खरं ते सांगितलं. काचेला नाक लावून ती किती वेळ गप्प बसली.

संध्याकाळी मधोमध जाळी लावली. सातही जण पानांआड एकत्र आहेत. आज दिवा उशिरा मालवेन.