नोटेवरील पंधरा ओळी

पाचशेची नोट व्यापाऱ्याच्या हातून दिवसाकाठी अनेकदा जाते. परंतु खरी की खोटी, हे पाहण्यापुरतीच नजर तिच्यावर टिकते. तिच्या मागील बाजूस डावीकडे पंधरा भाषांत लिहिलेली रक्कम सहसा कोणी वाचत नाही.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर येथे किराणा दुकान चालवणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी मात्र त्या ओळी लक्षपूर्वक पाहिल्या. कारण घरातलेच होते. त्यांची धाकटी सून गुंटूरची. माहेर मूळचे मारवाडचे, पण व्यापारानिमित्त आंध्रात रुजलेले. त्यामुळे तिच्या मैत्रिणींशी तिचे बोलणे तेलुगूतच. तिचा फोन सुरू झाला की घरात म्हणत, "सूनबाईंचे मद्रासी सुरू झाले." कोणी त्यास कन्नड म्हणे. सून हसे, पण पुढे ती फोन घेऊन गच्चीवर जाऊ लागली. सासऱ्यांच्या हे ध्यानात आले.

एका दुपारी गल्ला मोजताना त्यांनी तिच्यापुढे नोट धरली. "बेटा, यातली तुझी ओळ कोणती?"

"खालून दुसरी, बापूजी. वरून चौथी आहे ती कन्नड."

भाषांचा हा क्रम त्यांच्या इंग्रजी नावांच्या अद्याक्षरांनुसार आहे. म्हणून असमिया प्रथम, उर्दू शेवटी आणि मराठी आठवी, अगदी मध्यभागी. तेलुगू व कन्नड लिपी एकाच जुन्या लिपीतून निघाल्या, म्हणून दोन्ही गोलाकार दिसतात. तरी हिशेब तपासताना आपण बरोबरची खूण करतो, तशी बारीक खूण तेलुगूच्या बहुतेक अक्षरांच्या माथ्यावर असते. कन्नडच्या माथ्यावर वळण घेतलेली आडवी रेघ असते. कानाला आकडे पुरेसे आहेत. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु. कन्नडात ओंदु, एरडु, मूरु.

अशा जोड्या आणखीही आहेत. असमिया व बंगाली एकसारख्या दिसतात. पण एकीत 'टका', दुसरीत 'टाका'. आणि देवनागरीतील चार ओळी परप्रांतीयास एकाच भाषेच्या वाटतील. प्रत्यक्षात मराठीत 'रुपये', कोकणीत 'रुपया', नेपाळीत 'रुपियाँ', संस्कृतात 'रूप्यकाणि'. कोकणीस मराठी म्हटल्यास गोव्याच्या माणसाला काय वाटते, हे सर्वश्रुत आहे. मारवाडीस कोणी गुजराती म्हटले, तर व्यापारी घरांतूनही तत्काळ दुरुस्ती होते. दुसऱ्याच्या भाषेविषयी तीच तत्परता क्वचितच दिसते.

त्या दिवाळीत फराळास आलेल्या पाहुण्यांनी पुन्हा 'मद्रासी' म्हटले, तेव्हा सासऱ्यांनी शांतपणे सांगितले, "ती तेलुगू बोलते," आणि तीनपर्यंत आकडे म्हणून दाखवले. त्यांना तेलुगू येत नाही; तीनपुढचे आकडेही येत नाहीत. परंतु भाषा शिकण्यास वर्षे लागतात, तिचे नाव बरोबर घेण्यास एक दुपार पुरते. सून आता माजघरातच बसून फोनवर बोलते.