धुराचे रंग

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि आहे: न्यायशास्त्राचें हें एक उदाहरण तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला जन्मभर पुरतें. पण धूर दिसला कीं आम्हां तार्किकांचें काम संपतें, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या गॅरेजांतील मिस्त्रींचें तेथूनच सुरू होतें. अग्नि आहे एवढें सांगून त्यांचें भागत नाहीं. त्या अग्नीला काय झालें आहे, हें त्यांना सांगावें लागतें.

त्यांची प्राथमिक विद्या तीन रंगांत मावते. धूर काळा असेल, तर इंधन अधिक आणि हवा कमी. एक किलो पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ किलो हवा लागते. जुन्या गाडीचा चोक अडकला किंवा नव्या गाडीचा इंजेक्टर गळूं लागला, कीं हें प्रमाण बिघडतें आणि काजळी बाहेर पडते. धूर निळसर असेल, तर इंधनाबरोबर ऑइलहि जळत आहे. पांढरा असेल, तर संशय पाण्याचा.

पण रंग ओळखणें म्हणजे रोग ओळखणें नव्हे. एक लिटर पेट्रोल जळलें कीं त्यांतून जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपानें निघतें. थंडीच्या सकाळीं ती वाफ पांढरी दिसते, यांत विकार कांहींच नाहीं. इंजिन तापल्यावरहि पांढरा लोट थांबेना, त्याला गोडसर वास येऊं लागला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत गेलें, म्हणजे मात्र हेड गॅस्केट पाहावें. दोन-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलांत ऑइल मिसळलेलेंच असे; निळसर धूर हा तिचा स्वभाव होता, दुखणें नव्हे. अग्नि आहे तेथें धूर असतोच असें नाहीं, त्याला ओल्या सरपणाची जोड लागते, आणि या जोडीला नैयायिक 'उपाधि' म्हणतात. मिस्त्रींनीं हा शब्द ऐकलेला नाहीं; पण ओलें सरपण कोठलें, हा प्रश्न विचारल्यावांचून ते पान्याला हात लावीत नाहींत.

गेल्या वर्षीं एका भाजीवाल्याचा टेंपो तेथें आला. दुसऱ्या एका ठिकाणीं त्याला सगळें इंजिन उतरवावयास सांगितलें होतें, आणि त्यासाठीं मुलीच्या कॉलेजच्या फीचे बाजूला ठेवलेले पैसे मोडावे लागणार होते.

"धूर केव्हां येतो, दादा?" मिस्त्रींनीं विचारलें.

"सकाळीं चालू करतांना. मग जातो."

मिस्त्रींनीं टेंपो रात्रभर ठेवून घेतला. सकाळीं चालू करतांच निळा लोट आला आणि थोड्या वेळांत विरला. मग माल भरून त्यांनीं तो चढावर नेला. तेथें धूर दिसला नाहीं. "रिंगा झिजल्या असत्या, तर भार पडल्यावर निळा धूर आला असता," ते म्हणाले. "वॉल्व्हचीं सीलें गेलीं आहेत. रात्रीं ऑइल झिरपतें, सकाळीं जळतें. इंजिन उतरवायचें कारण नाहीं." सीलें बदललीं, धूर थांबला, आणि फी वेळेवर भरली गेली. माझ्या कोणत्याहि अनुमानानें आजवर कोणाची फी भरलेली नाहीं.

या विद्येची मर्यादाहि मला त्यांच्याकडूनच कळली. इंजिन चालू असतां ते गॅरेजचें दार कधीं लावूं देत नाहींत. "दिसतो त्या धुराला मी भीत नाहीं, सर. दार उघडें ठेवायचें तें न दिसणाऱ्यासाठीं." कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें धरून ठेवतें. मनुष्याला गुंगी येते आणि कारण कळण्यापूर्वींच तो आडवा होतो.

धूर नाहीं, म्हणून सर्व ठीक आहे, हें अनुमान कोणत्याहि न्यायांत बसत नाहीं. वर्गांत भांडणाऱ्या, उलट उत्तरें देणाऱ्या मुलांचें दुखणें ओळखावयास फारसें तर्कशास्त्र लागत नाहीं. त्यांचा धूर साऱ्या कॉलेजला दिसतो. जो मुलगा मागच्या बाकावरून हजेरीपुरतें "हजर" म्हणतो आणि मग कांहींच बोलत नाहीं, त्याच्यापाशीं मी अलीकडे तास संपल्यावर घटकाभर थांबतों.