उंद्रीच्या बांधावरची छत्री

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अमडापूर मागे पडले की उंद्री लागते. श्रावणात येथील शिवार सोयाबीनने गच्च भरलेले असते. उघडीप पडली की काळ्या मातीतून वाफ सुटते आणि बांधावर, वारुळापाशी, कुजक्या ओंडक्यांवर भूछत्रे डोके वर काढतात.

अशाच एका सकाळी पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आबांना तपासण्यास गेलो होतो. सूनबाईंनी टोपली पुढे केली. “डॉक्टरसाहेब, आबा हट्ट धरून बसलेत. भाजी करू का?”

टोपलीत बहुतेक पांढरी छत्रे होती. खाली पापुद्र्यांसारख्या पट्ट्या असलेली. दोन मात्र वेगळी होती: जाड देठ, तपकिरी टोपी आणि खाली पट्ट्यांऐवजी बारीक छिद्रांचा पिवळसर स्पंज. या गटाला ‘बोलीट’ म्हणतात. साल, ओक, पाईन अशा वृक्षांच्या मुळांशी त्यांतील बहुतेकांचे साहचर्य असते. युरोपात ती आवडीने खातात. लाल छिद्रांची आणि कापताच निळी पडणारी टाळावीत, असा तिथला ठोकताळा आहे. पण निळी पडणारी काही खाद्य असतात, तर निळी न पडणारी काही पोट बिघडवतात. शिवाय परक्या अरण्यातला हा ठोकताळा आपल्या सागाच्या रानात कसा लावावा?

“आमची माय आनायची, तवा कोनाले काही झालं नाही,” आबा म्हणाले.

चांदीचे नाणे काळे पडणे, लसणाचा रंग बदलणे, किड्यांनी छत्र कुरतडलेले असणे, या साऱ्या परीक्षा फसव्या आहेत. खरे भय पट्ट्यांच्या छत्रांत आहे. ‘अमानिटा’ कुळातील काही जातींचे विष शिजवून वा वाळवूनही नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब सहसा ६ ते २४ तासांनी सुरू होतात; मग रुग्णाला बरे वाटू लागते आणि त्याच अवधीत यकृत निकामी होत जाते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जण दगावले.

वृद्धांना तर साधे जुलाबही जड जातात. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना शरीरातील पाणी घटले, की मूत्रपिंडावर ताण येतो.

म्हणून घरातील जाणत्यांनी एवढे ध्यानी ठेवावे. जातीची खात्री नसलेले छत्र शिजवू नये. छायाचित्रावरून ओळख पटवू नये. चुकून खाल्ले गेलेच, तर त्रासाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. १०८ ला दूरध्वनी करावा. मीठपाणी पाजून उलटी करवू नये. उरलेले छत्र कागदात गुंडाळून आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी. ज्यांनी ज्यांनी खाल्ले, त्या सर्वांची तपासणी करावी. बरे वाटू लागले म्हणून घरी परतण्याची घाई करू नये.

आबा बराच वेळ गप्प होते. मग टोपली त्यांनी स्वतःच दूर सारली. “मायची पारख मले नाही आली, डाक्टर. ती तिच्यासंगंच गेली.”

सूनबाईंनी परसात खड्डा करून छत्रे पुरली आणि हात साबणाने धुतले. पुढच्या खेपेस मी शहरातून लागवडीची धिंगरी अळंबी नेली. कांदा-तिखटावर परतलेली ती भाजी आबांनी भाकरीशी खाल्ली. “चव तशी नाही,” ते म्हणाले आणि हसून त्यांनी आणखी थोडी मागितली.